पान चारवरची सावली

नाही हो, माडाची नाहीये ती सावली. माडाला कंबर असते का? नीट बघा, चष्मा लावा आणि बघा — ब्रोशरचं पान चार, खालचा कोपरा, वाळूवर. हे डोकं, हा डोक्याला बांधलेला पदर, हा कमरेवर ठेवलेला हात. आणि माणूस कुठाय? शोधा. नाही सापडणार, पुसलंय. कंप्युटरवर असं पुसता येतं, दोन मिनिटांचं काम, मी स्वतः केलंय कितीदा — पण ज्याने केलं त्याला घाई असणार, नाहीतर जेवायची वेळ झाली असणार. बाई पुसली आणि सावली राहिली. माझी आई आहे ती. म्हणजे होती. — अहो, जिवंत आहे, फोटोत होती म्हणतेय मी! बसा ना काका, उठताय कशाला? स्टॉलचा तो टायवाला जेवायला गेलाय, अर्धा तास तरी येत नाही. आणि तुमच्या मिसेस तिकडे किचन ट्रॉल्यांच्या स्टॉलवर ड्रॉवर उघडून बघतायत, मला दिसतायत इथून — त्यांचे अजून सहा ड्रॉवर बाकी आहेत. बुकिंगचा फॉर्म भरायचाय? भरा की. नाव लिहून झालंय, आता पत्ता लिहा. मी कुठे हात धरलाय तुमचा?

मी इथली नाही. म्हणजे या स्टॉलची नाही. खुर्ची रिकामी होती, बसले — मंगल कार्यालयाची खुर्ची, काल लग्नात हिच्यावर कुणाची तरी आत्या रुसून बसली असेल, आज बंगल्यांचं प्रदर्शन तर मी. पण विचारा तुम्ही, काय हवं ते विचारा, कांदळशेत माझं गाव, त्याच्याबद्दल माझ्याइतकं या हॉलमध्ये कोणाला माहीत नाही. हे थर्माकोलचं मॉडेल बघताय ना, बंगले, हिरवळ, निळा रंग — समुद्र उलट्या बाजूला चिकटवलाय. हो, खरंच. बाणाने उत्तर दाखवलीय ना इथे? मग या हिशेबाने समुद्र झाला पूर्वेला. तुमच्या बेडरूममधून सूर्यास्त दिसणार असं लिहिलंय, तो दिसेल, पण मग तुम्हाला पलंग डोंगराकडे तोंड करून लावावा लागेल आणि सूर्याला विनंती करावी लागेल. हसू नका. हसा, बरं, हसा. मीही मगाशी हसले होते.

वाळू पांढरी? नाही. आमची वाळू काळी आहे, ओली असली की तव्यासारखी काळी आणि उन्हात तव्यासारखीच तापते. हा फोटो उजळवलाय. पाणी निळं? दिवाळीनंतर, तेही लांब. जवळ खाडीचं तोंड आहे, पावसाळाभर लाल-तपकिरी पाणी येतं, मोठ्या पातेल्यात चहा उकळावा तसं. आणि कांदळ आहे — खाडीच्या कडेला चिखलात उभी असतात ना ती झाडं, मुळं वर काढून — त्यांच्यात भरतीचं पाणी शिरलं की असा चुळबुळीचा आवाज येतो, शाळेत गुरुजी बाहेर गेल्यावर वर्गातून येतो तसा. दक्षिणेला कातळ, त्याच्यावर कालवं फोडणाऱ्या बायका. उत्तरेला सुरूची झाडं, त्यांच्याखाली कोणी जात नाही, सुया टोचतात. मधे मुलांचं क्रिकेटचं मैदान, जे दिवसातून दोनदा समुद्रात जातं, त्यामुळे आमच्याकडे मॅच कधी संपत नाही, अर्ध्यावर सगळे बॅट घेऊन पळतात. आणि वास. वासाचं यात काही नाही लिहिलेलं, ना? ऑक्टोबरपासून मेपर्यंत अख्ख्या गावाला सुक्या जवळ्याचा वास असतो. केसांना असतो. दप्तराला असतो. मी पुण्याला होस्टेलला आले तेव्हा माझ्या ट्रंकेला होता, आणि माझ्या रूम-पार्टनरने, नम्रताने, पहिल्या दिवशी न बोलता खिडकी उघडली होती. नंतर तीच माझी मैत्रीण झाली, ते सोडा.

बरं, आता हे ऐका. तुम्ही वाचलंत का वरचं? मी वाचते. ‘भरतीच्या वेळी समुद्र गावाच्या पायरीवर येऊन बसतो, आणि ओहोटीला निरोप न घेता निघून जातो.’ कसं आहे? छान आहे ना? ‘इथे घड्याळ लागत नाही, वारा फिरला की दुपार संपली असं समजावं.’ आवडलं ना तुम्हाला, मी बघत होते मगाशी, तुम्ही मिसेसना वाचून दाखवलंत ते वाक्य. मी लिहिलंय. मी! हे पान, हे पुढचं पान, हे मागचं — सगळं माझं. शब्दाला शब्द. फक्त माणसं काढलीत. मी लिहिलं होतं, ‘वारा फिरला की दुपार संपली असं समजावं आणि बायकांनी जवळा उलटायला उठावं.’ यांनी बायका उठवल्याच नाहीत.

कशासाठी लिहिलं होतं म्हणजे? — कामच नव्हतं. हिंजवडीला आहे मी, सॉफ्टवेअरमध्ये. तिथे एक प्रोजेक्ट संपलं आणि दुसरं मिळालं नाही की बेंचवर ठेवतात, म्हणजे पगार द्यायचा, काम नाही द्यायचं, एसीत बसायचं. गेल्या वर्षी अडीच महिने होते मी बेंचवर. सगळे कोर्स करत होते, मी आमच्या गावाचं इंटरनेटवर पान केलं. आमचं कांदळशेत. एकशे बारा फोटो. घर आठवायचं म्हणून केलं असेल, काय माहीत. तात्यांना फोनवर सांगितलं, तर ते इतके खूश — तात्या म्हणजे माझे मोठे काका, मच्छिंद्रतात्या — म्हणाले, शालू, सीडीत घालून दे गो, आपले मुंबईला गेलेले लोक आहेत त्यांना दाखवतो, जत्रेला तरी येतील. मी एसटीने पाठवली सीडी. वर सुंदर लेबल लावून पाठवली. मला काय माहीत कोणाला दाखवणार आहेत! पंचवीस वर्षांची घोडी झालेय, इंजिनिअर आहे, आणि तात्यांनी कौतुक केलं म्हणून बसमध्ये एकटीच हसत खोलीवर गेले होते.

तुम्ही ओळखता त्यांना. हो, ओळखता — त्यांच्या हातचं सरबत प्यायलात ना आल्या आल्या? ती पांढरी टोपी, ते जाकीट, तिकडे भिंतीशी नळावर ग्लास विसळतायत ते. तेच तात्या. आयुष्यात टोपी घातली नाही हो त्यांनी, आमच्याकडे कोण घालतं असली टोपी! बिल्डरने दिलीय. ‘गावचा माणूस’ म्हणून बसवलंय त्यांना इथे, कोकम सरबत द्यायला. म्हणजे तुमच्यासारख्यांना वाटावं, वा, अस्सल. मला आल्या आल्या बघितलं त्यांनी. एकदा बघितलं आणि ट्रे उचलून नळावर गेले, ते अजून तिथेच आहेत. आठ ग्लास. पाऊण तास. काच झिजेल आता.

नाही, रागावू नका, मला माहितीय तुम्ही काय म्हणणार. मोठी माणसं आहेत, विचार करूनच केलं असेल. हेच म्हणणार होतात ना? सगळे हेच म्हणतात. मोठी माणसं विचार करतात आणि लहानांनी विश्वास ठेवायचा — आणि फसवलं की परत, अगं मोठे आहेत, बोलू नये. मग बोलायचं कधी? ते गेल्यावर? फोटोला हार घालून मग भांडू का मी?

जमीन कोणाची? तोच तर प्रश्न. कागदावर आमची. माझ्या पणजोबांच्या वेळी मोजणीला साहेब आला, त्याला वहीत कोणाचं तरी नाव हवं होतं, पणजोबा पुढे उभे होते, त्यांचं लिहिलं. बस्स. पण ते कोणी आपलं मानलंच नाही, आमच्या घरातही नाही. ते खळं आहे. हे — पान चार — इथे तुमचं क्लबहाऊस आणि पोहण्याचा तलाव येणार आहे, समुद्रापासून साठ पावलांवर तलाव, बोला! — ते मासळी सुकवायचं खळं. आणि ते बायकांचं आहे. कसं आहे सांगू? नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा चार दिवस सलग ऊन पडलं की गावातली सगळ्यात म्हातारी बाई — आता बायडाबाई आहे — काथ्याची दोरी घेऊन येते आणि वाळूवर पट्टे आखते. एका घराला एक पट्टा. जिची त्या वर्षी बाळंत झालेली सून असेल किंवा जिचा नवरा गेला असेल तिला पाणंदीजवळचा, म्हणजे पाटी घेऊन कमी चालावं लागतं. कोणी कुरकुरलं तर बायडाबाई दोरी तिच्याच हातात देते, म्हणते, तू आख. की गप्प. पुरुष त्या दिवशी तिकडे फिरकतसुद्धा नाहीत. कुठे लिहिलेलं नाही, सही नाही, शिक्का नाही, आणि मला आठवतंय तेव्हापासून एक भांडण बांधाबाहेर गेलेलं नाही. बाबा कावीळ होऊन गेले त्या वर्षी आईला पाणंदीजवळचा पट्टा मिळाला होता. मी सात वर्षांची होते, मला वाटलं बक्षीस मिळालं. मी नाचले होते त्या पट्ट्यावर.

आता तिथे गेट. ब्रोशरमध्ये आहे बघा — ‘खासगी किनारा, चोवीस तास सुरक्षारक्षक’. सुरक्षा कोणापासून? बायडाबाईपासून?

विकलं कसं, असं विचारताय. तात्यांनी विकलं. आमच्या तिघांच्या नावावर होतं, तात्या, आई, मी. मला सांगितलं, मीटरसाठी सही पाहिजे, लाईटचं मीटर बाबांच्या नावावर आहे ते बदलायचंय. फेब्रुवारीत आले होते, इथे, हिंजवडीला, कंपनीच्या गेटवर. गावाहून रात्रीची एसटी धरून. हातात पिशवी — आमसुलं, सुकट, फणसाची साटं. बरोबर नोटरी. स्कूटरवर नोटरीच्या मागे बसून आले होते, त्या नोटरीने स्कूटरच्या सीटवर शाईचा पॅड उघडला आणि तिथेच शिक्का मारला. मी सही केली. मुखत्यारपत्र होतं ते. माझ्यातर्फे तात्यांनी काहीही करावं, विकावं, द्यावं, असं. चार पानं. आणि कळलं कधी? चौदा दिवसांपूर्वी. नम्रता पेपरमध्ये नोकरीच्या जाहिराती बघत होती, मला म्हणाली, शालू, तुझं गाव कांदळशेतच ना गं? जाहीर नोटीस. एवढीशी चौकट, मुंगीच्या अक्षरात — सदर मिळकत आमचे अशील खरेदी करत आहेत, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा हरकत नाही असे समजण्यात येईल. टिळक रोडला त्या वकिलांचं ऑफिस आहे. पाचला बंद होतं. चौदावा दिवस आज आहे.

हो, आहे ना. पर्समध्ये आहे हरकतीचं पत्र. नम्रताच्या भावाने टाईप करून दिलं, तो वकिली करतो. दहा दिवस झाले, माझी सही तेवढी राहिलीय. — अहो, द्यायचंय मला! देणारच आहे. स्कूटी बाहेर लावलीय. आधी यांना एकदा तोंडावर विचारायचं होतं, म्हणून इथे आले. आणि हे ग्लास विसळतायत.

नाही, तसं नाही, तुम्हाला वाटतंय तसं सरळ नाहीये ते. घरी फोन केला मी, नोटीस वाचली त्याच दिवशी. आईला म्हटलं, तू सही कशी केलीस? इतकी वर्षं तू त्या वाळूवर उभी आहेस, तुला कळलं नाही कशावर करतेयस? तर ती काय म्हणाली माहितीय? म्हणाली, तुझी सही आधी होती. तू केलीस म्हणजे वाचलं असशील. — आईला नाव लिहिता येतं, तेवढंच येतं. तात्यांनी माझी सही दाखवली तिला. आणि मग तोच कागद घेऊन घरोघर गेले, खळ्यावरच्या बायकांचे अंगठे घ्यायला, की आमची वहिवाट नाही, आमची हरकत नाही. बायडाबाई म्हणाली म्हणे, आपली शालू पुण्याला कंप्युटरवर आहे, तिने वाचलंय ना, मग आण इकडे तुझी शाई. एकोणीस अंगठे, काका. माझ्या सहीवर. दोरी हातात घेऊन अख्खं गाव गप्प करणारी बाई ती, आणि तिने विचारलं काय, तर शालूने वाचलंय ना?

मी काय वाचणार! मला म्हणाले, मीटर. फसवलं म्हणजे फसवलं. वाचून घे, वाचून घे म्हणायचं आणि दुसरीकडे —

काय? हो. म्हणाले होते. वाचून घे म्हणाले होते. तीनदा म्हणाले. नीट वाच गो शालू, म्हणाले, मीटरचं आहे पण त्यात खळ्याचं पण — आणि मी म्हटलं, तात्या, पाच मिनिटं आहेत माझ्याकडे, मीटिंग सोडून आलेय, कुठे करायची सही ते सांगा. गळ्यात कंपनीचं कार्ड. मागून दोन मुलं येत होती टीममधली, आणि त्या पिशवीचा वास येत होता, सुकटीचा, आणि मला — मला ते तिथे उभे नको होते. बस्स. खरं सांगते. लवकरात लवकर जायला हवे होते ते. पिशवी मी सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ठेवली आणि संध्याकाळी न्यायला विसरले. म्हणजे विसरले नाही.

पण थांबा, तुम्ही लगेच मान हलवू नका! बघा, हेच करता तुम्ही लोक. मुलीने कबूल केलं की झालं, सगळं तिच्या माथ्यावर. तात्यांनी कामाचा वार का निवडला? सकाळी अकरा का? रविवारी का नाही आले, खोलीवर? मी चहा केला असता, पंखा लावून आरामात वाचलं असतं. त्यांना माहीत होतं. मला वाढवलंय त्यांनी, ताटात माशाची पहिली तुकडी मला वाढलीय, अकरावीला डोक्यावर माझी ट्रंक घेऊन स्वारगेटपासून होस्टेलपर्यंत चालत आलेत, कारण रिक्षावाला जास्त मागत होता — तो माणूस मला आतून-बाहेरून ओळखतो. मी मोठ्यांचं पुरतं ऐकून घेत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? तेच वापरलं त्यांनी. ‘वाच’ तीनदा म्हणायचं आणि मी वाचणार नाही याची खात्री करून यायचं. परक्याने फसवलं तर तो काय, तुमची चूक शोधत बसतो. आपल्या माणसाला ती आधीपासून पाठ असते.

आणि का केलं, तर म्हणतात — आईकडे म्हणाले, मला नाही — गावात राहिलंय कोण? शालू येते का? तीन वर्षांत आली का? — नाही गेले. तीन वर्षं नाही गेले मी. फोटो म्हणाल तर ते त्याच्या आधीचे, सगळे एकाच दिवाळीतले. एवढं सुंदर लिहिलं ना, ते इथे एसीत बसून लिहिलं. तुम्हाला जे आवडलं ना, काका, ते न गेलेल्या माणसाने लिहिलंय म्हणून आवडलं. तुम्हीही जाल कधी? वर्षातून चार दिवस. तुमचा मुलगा अमेरिकेतून म्हणाला असेल, घेऊन ठेवा, बाबा. हो ना? बघा.

ते पत्र? त्याच्यात काय आहे ते सांगू तुम्हाला? दहा दिवस का पडून आहे, सांगू? त्याच्यात दुसऱ्या परिच्छेदात आहे, ‘मी सदर दस्त न वाचता सही केली.’ नम्रताचा भाऊ म्हणतो, हे लिहिल्याशिवाय हरकत उभी राहणार नाही. म्हणजे ते गावात जाणार. तलाठ्याकडे जाणार, ग्रामपंचायतीत वाचून दाखवतील, मोठ्याने. बायडाबाई समोर बसलेली असेल. शालूने वाचलं नव्हतं. एकोणीस घरांत कळेल, आईला कळेल — आईला अजून माहीत नाही, मी तिला फोनवर म्हटलं, वाचलं होतं पण तात्यांनी पानं बदलली. हो. म्हटलं तसं. खोटं बोलले. आता बसा हलवत मान.

किती वाजले? चार? चार वाजून पाच. इथून टिळक रोड, कर्वे रोडला गर्दी असेल, वीस मिनिटं.

ते पेन द्या जरा. तेच, फॉर्मवरचं. स्टॉलचंच पेन आहे, तुमचं नाहीये, सुतळीने बांधलंय बघा टेबलाला. तुमचा पत्ता अर्धाच राहिलाय? राहू दे. अर्ध्या पत्त्यावर कोणी प्लॉट देत नाही. उठा आता, मिसेस हाका मारतायत तुम्हाला, कधीपासून. आणि हे ब्रोशर ठेवा इथे — नाही, पान चार मला पाहिजे. फाडते मी. फाडू द्या की, तीनशे पडलीत खोक्यात.

या तात्या. संपले का ग्लास? ठेवा ते सरबत तिथे. नाही, आत्ता काही बोलू नका. टोपी काढा आणि बसा या खुर्चीवर, हे काका उठतायत. पाच मिनिटं थांबा.

सही करायचीय मला. आधी वाचतेय.